‘अंश’ कोनाचा आणि ‘अंश’ अपूर्णांकाचा

कोनमापक :
भाचीचा गणिताचा अभ्यास घेताना एक अडचण आली. उदाहरण असे होते : ‘त्रिकोणाचा एक कोन काटकोनाच्या २/३ आणि दुसरा काटकोनाच्या १/२ आहे, तर तिसरा कोन किती अंशांचा?’ तिने पहिल्या कोनापुढे ‘अंश २’, दुसऱ्यापुढे ‘अंश १’ असे लिहिले, १८० मधून ३ वजा केले आणि १७७ हे उत्तर काढले. रेघेवरच्या संख्येला अंश म्हणतात, हे तिच्या डोक्यात पक्के बसलेले होते. या दोन अर्थांसाठी वेगवेगळे शब्द कोणी वापरते का?

जुनी पाटी :
वेगळा शब्द शोधण्याची गरज मला वाटत नाही, कारण दोन्हीकडे अंश म्हणजे भागच आहे. पूर्ण वर्तुळाचे ३६० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक अंश, आणि अपूर्णांकात छेदाने केलेल्या समान भागांपैकी जितके घेतले तितके अंश. ‘काही अंशी खरे’ असे आपण म्हणतो, तेथेही हाच अर्थ आहे. मुलांना हे नाते समजावून सांगितले, तर गोंधळ राहणार नाही.

छेदिका :
नाते मान्य आहे, परंतु परीक्षेत पेन्सिल हातात धरून बसलेल्या मुलीला व्युत्पत्ती आठवत नाही. कोनासाठी सरळ ‘डिग्री’ म्हणावे. घरोघरी ताप मोजताना तोच शब्द तोंडी असतो आणि त्याने मराठीचे काही बिघडलेले नाही.

जुनी पाटी :
रुळलेला, अर्थवाही शब्द हाताशी असताना तो केवळ सोयीसाठी टाकून देणे मला पटत नाही. आज अंश गेला, तर उद्या काटकोन आणि लघुकोनही जातील.

समच्छेद :
मूळ उदाहरण अंशांचे नाव न काढताही सुटते. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन असते. युक्लिडनेही ती तशीच मांडली आहे. म्हणून २ मधून २/३ आणि १/२ वजा करावेत. छेद ६ केला की १२/६ − ४/६ − ३/६ = ५/६ उरतात, आणि काटकोनाचे ५/६ म्हणजे ७५ अंश. ‘अंश’ फक्त शेवटच्या ओळीत येतो. जाता जाता सांगतो, मधली आडवी रेघ अपूर्णांकाला छेदते, म्हणून खालच्या संख्येला ‘छेद’ म्हणतात, असे मला वाटते.

जुनी पाटी :
ही व्युत्पत्ती टिकणार नाही. आपल्याकडच्या जुन्या हस्तलिखितांत अपूर्णांक रेघेशिवाय, एकाखाली एक असेच लिहिलेले आढळतात, आणि ११५० च्या ‘लीलावती’त ‘समच्छेद’ आहेच. कापते ती रेघ नव्हे, तर खालची संख्या. पूर्णाचे किती तुकडे करायचे, हे ती सांगते. त्याच ग्रंथात ‘हर’ हाही शब्द येतो. हिंदीने तो ठेवला, मराठीने छेद ठेवला.

छेदिका :
म्हणजे छेदाचीही तीच गत झाली. भूमितीत दोन रेषा एकमेकींना छेदतात, संचांचा छेद वेगळा आणि अपूर्णांकाचा आणखी वेगळा. ‘कर्ण’ तर याहून अवघड आहे : काटकोन त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजूही कर्ण, आणि चौकोनाचे समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणारा रेषाखंडही कर्णच. हिंदीत दुसऱ्याला विकर्ण म्हणतात, तसे आपणही का म्हणू नये?

समच्छेद :
आयताचा कर्ण काढला की दोन काटकोन त्रिकोण होतात आणि तोच रेषाखंड त्या दोघांचा कर्ण ठरतो, त्यामुळे एकच शब्द असणे मला सुंदर वाटते.

छेदिका :
आयतापुरते ठीक आहे. चौरस नसलेल्या समभुज चौकोनाचा कर्ण काढून पाहा. होणाऱ्या दोन त्रिकोणांपैकी एकातही काटकोन सापडणार नाही. तेथे तो नेमका कोणाचा कर्ण म्हणायचा?