दीड टन उसापुढं गाडीवानाच्या ६० किलोंचा काय पाड?

प्रश्न
मी आठवीला विज्ञान शिकवते. तरफ, टेकू, सी-सॉ सगळं शिकवून झालं होतं. तेवढ्यात ऊसतोड टोळीबरोबर आलेली एक मुलगी उठली. "बाई, चढ आला की बाबा गाडीवर पुढं जुवाकडं सरकतात, उताराला मागं. का?" मी म्हटलं, तोल सांभाळायला. ती म्हणाली, "पण ऊस दीड टन, बाबा ६० किलो." यावर मला बोलता आलं नाही. उद्या तिला नीट सांगायचंय.

प्रतिसाद १
बाई, वजनाबरोबर आसापासूनचं (इथं चाकांचा आस हाच टेकू) अंतरही धरा. बल गुणिले अंतर म्हणजे आघूर्ण. उसाचा गुरुत्वमध्य बरोबर आसावर आणला तर बैलांच्या मानेवर काहीच येणार नाही.

प्रतिसाद २
तसं भरू नये हो. माझे वडील बरेच हंगाम कारखान्याला गाडी हाकत होते. गाडी पुढं थोडी जड ठेवायची, हा त्यांचा नियम. नाहीतर जरा चढ लागला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि सापती (जुवाला बांधलेला गळ्याखालचा पट्टा) बैलांच्या गळ्याला काचते. बैल घुसमटतो. लहानपणी मी ते पाहिलंय, अजून विसरलो नाही.

आता हिशोब. ऊस १५०० किलो, गुरुत्वमध्य आसाच्या २० सेंमी पुढं, जू आसापासून ३ मीटरवर. १५०० × ०.२ ÷ ३ = १०० किलो, दोन्ही बैलांवर मिळून. रचलेल्या उसाचा गुरुत्वमध्य जुवापेक्षा ६० सेंमी उंच धरा. (जुवापासूनच मोजायचं, कारण बैलांच्या ओढीचंही आघूर्ण असतं आणि ती ओढ जुवाच्या उंचीवर लागते.) दहास एक चढ (दहा मीटरला एक मीटर वर) आला की गुरुत्वमध्य ६० चा दहावा भाग मागं सरकतो: २० सेंमीतले ६ गेले, उरले १४. जुवावर १०० चे ७० झाले. उताराला उलट, १३०.

आता बाबा. ते १ मीटर पुढं सरकले की ६० × १ ÷ ३ = २० किलो परत जुवावर. गेलेल्या ३० पैकी २० त्यांनी एकट्यानं भरून काढले. दीड टन ऊस आसाजवळ आहे, म्हणून त्याचं आघूर्ण कमी. बाबांना मीटरभर सरकता येतं, ही त्यांची ताकद.

प्रतिसाद ३
पुढं जास्त भरलं तर खांदेसूज येते, तेही सांगा. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये यासाठीच 'सारथी' केलं. दोन बैलांच्या मधे, दांडीखाली एक लहान चाक. मानेवरचा भार ते चाक घेतं.

प्रश्नकर्ती
आज फळ्यावर तिच्याकडूनच आकडे मांडून घेतले. २० आल्यावर ती थांबली, म्हणाली, "बाई, मी ३० किलोची. मीपण बाबांबरोबर मीटरभर पुढं सरकले तर?" स्वतःच गुणलं, तिनानं भागलं. १० किलो. वीस आणि दहा तीस.

उद्या बाबांना शाळेत घेऊन येते म्हणाली.