मदत हवी आहे: गर्भाशयाच्या तोंडावर क्रायो (गोठवण्याचा उपचार) झाल्यावर कापूस वेचायला कधी जाता येतं?

जाऊबाईंची (वय 38) व्हीआयए तपासणी (गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं औषध लावून बघतात ती) पॉझिटिव्ह आली. कॅन्सर नाही, त्याआधीचा बदल आहे, म्हणून गोठवण्याचा उपचार झाला. महिनाभर पाण्यासारखा स्राव जाईल, 4 आठवडे संबंध टाळा, वर्षाने पुन्हा तपासणी, एवढं सांगितलं होतं. ताप, घाण वास, ओटीपोटात दुखणं, जास्त रक्त, यांतलं काहीच नाही. पाणी मात्र अजून जातंच आहे.

आम्ही पांढरकवड्याकडच्या खेड्यात राहतो, वेचणी ऐन भरात आहे. आशाताईंना विचारलं, त्यांनाही खात्री नाही. घरचे म्हणतात, आता बरी आहे, चल. मला तिची काळजी वाटते.

नर्सताई किंवा हा उपचार झालेल्या बायांनी सांगा: स्राव थांबायच्या आधी दिवसभर वाकून वेचणं आणि डोक्यावर गाठोडं उचलणं चालतं का?