घडाघडा वाचतो, पण समजत नाही: आणखी एक ॲप घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

मुलगा तिसरीत आहे. शाळेने इंग्रजी वाचनाचं सॉफ्टवेअर दिलंय, रोज वीस मिनिटं करायचं. वाचतो घडाघडा, पण काय वाचलंस विचारलं की गप्प. बाई म्हणतात, कॉम्प्रिहेन्शन कच्चं आहे. घरच्यासाठी आणखी एखादं ॲप घ्यावं का? आपल्यात कोणी शिक्षक असतील तर कृपया सांगा.

– तिसरीतल्या मुलाची आई

*

ताई, नमस्कार.

मी इथल्या पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, रीडिंग स्पेशलिस्ट (वाचनात अडणाऱ्या मुलांची शिक्षिका) आहे. ॲप राहू द्या. आधी एकदा शेजारी बसून तो प्रश्न कसे सोडवतो ते बघा.

परवा माझ्या वर्गात बीव्हरवर, म्हणजे ओढ्यात फांद्यांचं धरण बांधणाऱ्या प्राण्यावर, उतारा होता. प्रश्न आला, बीव्हर धरण का बांधतो? एका मुलीने उताऱ्यात 'डॅम' शब्द शोधला, त्या वाक्यातले शब्द ज्या पर्यायात दिसले त्यावर क्लिक केलं. हिरवी खूण! मी विचारलं, धरण बांधल्यावर पाण्याचं काय होतं गं? तिला सांगता येईना. पाणी साठून खोल होतं, बीव्हरच्या घराचं दार पाण्याखाली जातं, मग लांडग्याला आत शिरता येत नाही, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलंच नव्हतं.

गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलं की आकलन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. एक बाजू शून्य, तर गुणाकारही शून्य. पहिल्या बाजूला सॉफ्टवेअर खरंच चांगलं. न कंटाळता ऐकतं, अडलेला शब्द पुन्हा समोर आणतं. दुसरी बाजू मात्र माहितीवर आणि गप्पांवर उभी असते. रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीतल्या मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं, खेळ न कळणाऱ्या हुशार वाचकांच्या पुष्कळ पुढे गेली. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण मुलाला 'कच्चा' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याला तो विषयच माहीत नसतो.

तेव्हा शाळेची वीस मिनिटं तशीच ठेवा, वाढवू नका. सॉफ्टवेअर आज बीव्हर, उद्या अंतराळवीर अशा उड्या मारतं; तुम्ही लायब्ररीतून एकाच विषयाची चार-पाच पुस्तकं आणा. आणि बोला मराठीतच! सुट्टीत कोयना धरण बघून, आजोबांना शंभर प्रश्न विचारून आलेल्या मुलाला इंग्रजी उताऱ्यातलं 'रिझर्व्हॉयर' (जलाशय) अडत नाही.

बाईंकडून सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डचा (मुलाची प्रगती दाखवणाऱ्या पानाचा) रिपोर्टही मागून घ्या. शब्दसंग्रह मागे आहे की अनुमान काढणं, ते त्यात वेगळं दिसतं. नुसत्या लेव्हलच्या आकड्यावर समाधान मानू नका.

– मराठी शाळेत दुसरीचा वर्ग घेणारी ताई

*

ताईंना दुजोरा. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, म्हणजे मुलांच्या गोष्टींची वेबसाइट, २०१५ पासून मोफत आहे. पुष्कळ गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहेत, पातळीनुसार लावलेल्या. आमची नात आधी मराठीतून ऐकते, मग तीच गोष्ट इंग्रजीत स्वतः वाचते. मध्ये मध्ये थांबवून 'आता पुढे काय होईल?' एवढंच विचारतो.

– एक आजोबा

*

ताई, काका, मनापासून आभार. ॲप घेत नाही. रिपोर्ट मागितलाय, शुक्रवारी बाईंची भेट ठरलीय. सध्या त्याला ज्वालामुखीचं वेड आहे, पुस्तकं तिथूनच सुरू करते.