६५ सामन्यांचा नियम बरोबरच आहे, आणि खेळाडूंनी खेळायलाच पाहिजे

शाहूपुरीकर

काल इथं फोरमवर विश्रामबागच्या शूटरने लिहिलं की लोड मॅनेजमेंट, म्हणजे दुखापत होऊ नये म्हणून खेळाडूला अधूनमधून मॅचला बसवणं, हे शास्त्र आहे, तिकीट काढलं म्हणून खेळाडू विकत घेतला असं होत नाही, आणि एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा ६५ सामन्यांचा नियम (सीझनच्या ८२ पैकी ६५ मॅच खेळल्या तरच मोठे पुरस्कार) मूर्खपणाचा आहे. रात्री वाचलं आणि डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बारा वर्षं झाली, मी सकाळी साडेपाचला उठून मॅच लावतो. घरात सगळे झोपलेले, आवाज बंद, चहा स्वतः करायचा. आणि ज्याच्यासाठी उठलो तो शर्ट-कोट घालून बेंचवर बसलेला दिसतो. माझी फक्त झोप जाते हो, पण तिकडे लेकराला घेऊन दोनशे मैल गाडी चालवत आलेल्या बापाचं काय? जानेवारी २०२४ मध्ये डेन्व्हरला एम्बीड विरुद्ध योकिच अशी दोन मोठ्या स्टारची मॅच होती, एम्बीडने त्याच आठवड्यात स्पर्स टीमवर ७० पॉइंट ठोकलेले, सगळं जग वाट बघत होतं आणि हा मॅच सुरू व्हायच्या जरा आधी बाहेर. लोकांनी स्टेडियममध्ये ओरडून विचारलं, एम्बीड कुठाय म्हणून. बरोबरच विचारलं.

जॉर्डन २००२-०३ ला चाळिशीत ८२ च्या ८२ खेळला. ए. सी. ग्रीन सलग ११९२ खेळला. जुनं सोडा, मिकाल ब्रिजेस २०२२-२३ ला मध्येच दुसऱ्या टीमकडे ट्रेड झाला म्हणून ८२ च्या सीझनमध्ये ८३ मॅच खेळला! मग बाकीच्यांना काय झालंय? २०२३-२४ पासून नियम आला, ६५ खेळा नाहीतर एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) नाही, ऑल-एनबीए (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी) नाही. १७ मॅच सोडायची मुभा आहे की. अजून किती पाहिजे?

विश्रामबागचा शूटर

दादा, एम्बीडची गोष्ट अर्धीच सांगितली तुम्ही. पुढची मी सांगतो. डेन्व्हरला बसला म्हणून तीन दिवस त्याला सगळीकडून शिव्या पडल्या. तिसऱ्याच दिवशी, ३० जानेवारीला तो वॉरियर्सविरुद्ध उतरला, नीट पळता येत नव्हतं हे टीव्हीवर दिसत होतं. शेवटी वॉरियर्सचा कुमिंगा त्याच्या पायावर पडला आणि मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) गेला. ऑपरेशन झालं. सीझनला ३९ मॅच, एमव्हीपी पण गेली. लोक ज्या गुडघ्याला नाटक म्हणत होते तोच गुडघा होता तो.

आणि इंडियानाचा हॅलिबर्टन. हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दुखत असताना ६५ भरायला परत आला, कारण ऑल-एनबीए झाला तर करारात चार कोटी डॉलर जास्त मिळणार होते. नियम चुकीचा आहे हे तो स्वतः बोलला. कावाय लेनर्ड २०१८-१९ ला ६० मॅच खेळला आणि टोरंटोला टायटल दिलं. आता सांगा कोणाचं बरोबर. टोरंटोच्या माणसाला विचारा त्याला त्या २२ मॅच पाहिजेत का टायटल पाहिजे.

गोडोलीकर

मला बास्केटबॉल फारसं कळत नाही, पोरगा बघतो म्हणून मी बसतो. पण आपण कुठल्या जिल्ह्यात राहतो हे विसरू नका. कराडशेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीत ब्राँझ आणलं, गावाने वर्गणी काढून पाठवलेलं. त्यांना कोण लोड मॅनेज करायला होतं? तालमीत पहाटे जोर-बैठका, मातीत सराव, ताप असला तरी लंगोट चढवायचा. आताच्या पोरांना कोट्यवधी मिळतात आणि पाय दुखतो म्हणून सुट्टी. हे मला पटत नाही.

कराडकर_९

काका, मान ठेवून बोलतो, पण खाशाबांचं नाव घेतलंत तर ती गोष्ट पुरी सांगायची. हेलसिंकीत त्यांची जपानच्या इशीबरोबरची कुस्ती लांबली, अंगातलं सगळं संपलं, आणि दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमाने अर्धा तास मिळायला पाहिजे होता तो न देता त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं. आपल्या बाजूने भांडायला तिथं एक अधिकारी नव्हता. आमच्या घरी आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. तेवढी विश्रांती मिळाली असती तर रंग कुठला असता हे इथलं प्रत्येक घर विचारतं. आणि तुम्ही तेच उदाहरण विश्रांती नको म्हणायला वापरताय?

गोडोलीकर

एवढं तपशिलात माहीत नव्हतं. असेल तसं. तरी माझं म्हणणं पैशाबद्दल होतं.

सेंटर_सांगली

एवढा वेळ गप्प होते, आता बोलते. ८२ मॅच, ६५ मॅच, सगळं ठीक आहे, त्यांच्याकडे खाली सागवानी रंगाचं चकचकीत लाकूड आहे आणि बाजूला तीन फिजिओ. आम्ही सिमेंटवर खेळलो. पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात बुटाचा तळवा तापतो एवढं गरम, आणि दर वर्षी मांडवाला कोर्ट द्यायचे त्याची पहारीची भोकं फ्री थ्रोच्या रेषेवर. भोकात वाळू भरून वरून ओला सिमेंट थापायचा, पंधरा दिवसांत निघायचा.

२०१६ ला विभागीय स्पर्धेच्या आधी माझा घोटा सुजलेला होता. सरांनी टेप गुंडाळली, म्हणाले एवढं काही नाही, उतर. दुसऱ्या क्वार्टरला रिबाउंड घेऊन खाली आले, दुखऱ्या पायावर वजन नको म्हणून सगळा भार दुसऱ्यावर घेतला आणि गुडघ्यात कट्ट आवाज आला. तो आवाज बाजूच्या पोरीने पण ऐकला. एसीएल, गुडघ्याची हाडं जोडणारा पट्टा, तुटला. पप्पांनी उसाचं बिल आलेलं ते ऑपरेशनला घातलं, नऊ महिने घरात जिन्याचा कठडा धरून चालले. वय १७. त्यानंतर मी एकही मॅच खेळले नाही. त्यामुळे 'दुखलं तरी खेळायलाच पाहिजे' हे वाक्य कोणी लिहिलं की मला सहन होत नाही.

मिरज_जंक्शन

ताई कोर्टचं बोललात ते बरं केलंत, मी हेच कधीपासून ओरडतोय. आमच्याकडच्या कोर्टवर थ्री पॉइंटची रेष (जिच्या बाहेरून बास्केट केलं की तीन पॉइंट) अजून सव्वासहा मीटरवर आहे! फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, २०१० ला पावणेसात केली. पंधरा वर्षं झाली राव. पोरं इथं पटापट थ्री टाकतात, बाहेर स्पर्धेला गेली की सगळे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली. मग म्हणायचं पोरं प्रेशर घेतात. प्रेशर कसलं, हाताला अर्धा मीटर कमी शिकवलंय. मी स्वतः टेप लावून मोजली, खडूने नवीन रेष मारली, दोन दिवसांनी पाऊस पडला. पेंटचा एक डबा लागतो. अर्ज दिला, उत्तर नाही.

विश्रामबागचा शूटर

खरंय भावा, आणि बोर्ड पण लोखंडी पत्र्याचा, बॉल बँक केला की दणका बसून परत हातात. आमच्याकडे नेट तर...

शाहूपुरीकर

अहो थांबा! धागा एनबीएचा आहे. मी करोडो डॉलर घेणाऱ्या, चार्टर विमानाने फिरणाऱ्या माणसांबद्दल लिहिलं आणि तुम्ही नगरपालिकेच्या नेटवर आलात. सेंटर ताई, तुमच्याबरोबर झालं ते फार वाईट झालं, पण ती चूक त्या सरांची. मी कुठं लिहिलं की सुजलेल्या पायावर उतरवा? धडधाकट असताना बसतात त्यांच्याबद्दल बोलतोय मी. माझ्या तोंडात शब्द घालू नका.

सेंटर_सांगली

धडधाकट आहे का नाही हे साडेपाचला टीव्हीसमोर बसून तुम्ही कसं ठरवणार? सरांना पण मी धडधाकटच वाटले होते.

फिजिओ_मिरज

मध्ये पडतो. उडी मारून खाली येताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तो स्नायूंनी झेलायचा असतो. स्नायू थकले की तो लिगामेंट (हाडं जोडणारे पट्टे) आणि टेंडनवर (स्नायू हाडाला बांधणारे दोर) जातो. टेंडनला सावरायला वेळ लागतो आणि दुखणं बऱ्याचदा उशिरा सुरू होतं. म्हणून दुखत नाही म्हणजे ठीक आहे असं नसतं. २०२५ चे प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) आठवा. लिलार्ड, टेटम, हॅलिबर्टन, तिघांचं अकिलीस (टाचेमागचं टेंडन) तुटलं, तिघांचाही जर्सी नंबर शून्य. हॅलिबर्टनची पोटरी फायनलच्या पाचव्या मॅचला ताणली गेलेली, तरी सहावी खेळला, सातवीत पहिल्याच क्वार्टरला तुटलं. फायनलची सातवी मॅच कोण सोडेल, मी पण सोडली नसती. पण सीझनमध्ये लागोपाठच्या दोन रात्री, मध्ये रात्रीचा विमानप्रवास, त्या तरी कमी करता येतात. शाहूपुरीकरांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे, विश्रांती द्यायची तर आधी सांगा, ऐनवेळी नको.

शाहूपुरीकर

आधी सांगा, हेच तर! स्पर्सचा तेव्हाचा कोच पॉपोविचने २०१२ ला मायामीविरुद्धच्या मॅचच्या वेळी आपले स्टार डंकन, पार्कर, जिनोबिलीला परस्पर घरी पाठवलं, लीगने अडीच लाख डॉलर दंड केला.

विश्रामबागचा शूटर

आणि दीड वर्षाने २०१४ ला त्याच म्हाताऱ्या तिघांनी त्याच मायामीला फायनलमध्ये ४-१ ने धुतलं. ते पण लिहा ना.

शाहूपुरीकर

लिहितो. धुतलं. ठीक आहे? मग मॅच ७२ करा की. थकायचं कारणच काढा. पण मालक करणार नाहीत, ११ वर्षांचा ७६ अब्ज डॉलरचा टीव्ही करार केलाय, मॅच कमी केल्या तर पैसे कमी, आणि पैसे कमी झालेले खेळाडूंना पण चालणार नाहीत. एवढ्यापुरतं तुमचं मान्य, दोष एकट्या खेळाडूचा नाही. नियम मात्र राहू दे, नाहीतर ५० मॅचवर येतील.

कराडकर_९

दादा, एक विचारू? तुमचा मुलगा खेळतो ना? मागे लिहिलेलं तुम्ही.

शाहूपुरीकर

खेळतो. १४ वर्षांचा आहे. दोन आठवडे झाले, गुडघ्याच्या खाली हाडाला टेंगूळ आल्यासारखं झालंय, उडी मारली की धरून बसतो. वाढीचं दुखणं असेल म्हणून मी पाठवत होतो रोज.

फिजिओ_मिरज

त्या वयात हे बऱ्याच जणांना होतं, नीट सांभाळलं तर बहुतेक वेळा बरं होतं. पण बघितल्याशिवाय काही सांगत नाही. उड्या तूर्त बंद, आणि एकदा जवळच्या डॉक्टरांना दाखवा.

सेंटर_सांगली

त्याला विचारा दुखतंय का, आणि खरं सांगितलं तर रागावू नका. मी सरांना खरं सांगितलं नव्हतं, कारण टीममधून काढतील म्हणून भीती वाटायची.

शाहूपुरीकर

आत्ता विचारून आलो. म्हणाला, महिना झाला दुखतंय. उद्याची प्रॅक्टिस बंद केली, सकाळी दवाखान्यात नेतो. एनबीएबद्दल माझं मत तेच आहे.