‘नैराश्य’, ‘उदासी’, ‘हाय खाणे’: गावातल्या मुलाखतीत कोणता शब्द?

प्रश्न
मी मानसशास्त्र विभागात शिकवते. एम.ए.ची मुलं लघुप्रबंधासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत जाणार आहेत. वर्गात ‘डिप्रेशन’ला आम्ही ‘नैराश्य’ म्हणतो, पण गावात हा शब्द अडतो. सरावाच्या मुलाखतीत एकानं विचारलं, “काकाजी, नैराश्य वाटते का?” उत्तर आलं, “नाई बा, निराश कायले होईन? पण बोंडअळी आली तवापासून कशातच जीव लागून नाई राह्यला. रातभर डोयाले डोया लागत नाई.” मुलानं ‘नाही’वर खूण केली. ‘उदासी’ शब्द चालेल का?

उत्तर
सुंदर-सौंदर्य, उदार-औदार्य, तसं निराश-नैराश्य. शब्दानुसार अर्थ एवढाच, की आशा उरलेली नाही. आजार हा अर्थ पुस्तकांनी त्यावर चढवला. काकाजींची आशा शाबूत आहे, त्यामुळे त्यांचं ‘नाही’ बरोबरच होतं. ‘खिन्नता’ अर्थानं जवळची, पण बोलण्यात कोणी वापरत नाही.

उत्तर
‘नैराश्य’मुळे वर्गातही घोळ होतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी 1974 मध्ये ‘होपलेसनेस’साठी, म्हणजे आशा उरली नसल्याच्या भावनेसाठी, 20 विधानांची स्वतंत्र मापनश्रेणी दिली. डिप्रेशनला नैराश्य म्हटलं, तर याला काय म्हणायचं? मुलं दोन्हीकडे एकच शब्द लिहितात आणि दोन संकल्पना एक होऊन बसतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘उदासी’ नव्हे. डिप्रेशनची लक्षणं मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, पीएचक्यू-9, घ्या. गेल्या दोन आठवड्यांत त्रास किती दिवस झाला त्यावरून दर प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 27. पहिला प्रश्न कामात रस न वाटण्याचा, दुसरा खिन्न मनःस्थितीचा, तिसरा झोपेचा. ‘जीव लागत नाही’ हे पहिल्याचं थेट उत्तर आहे आणि ‘डोयाले डोया लागत नाई’ हे तिसऱ्याचं. त्या माणसानं न विचारता दोन लक्षणं सांगितली आणि कागदावर ‘नाही’ उमटलं, याचं मला फार वाईट वाटतं. आजाराचं नाव विचारूच नये, त्रास विचारावा.

उत्तर
आमच्याकडे बायका तर मनाचं नाव घेतच नाहीत. “अंगात जीव नाई”, “डोकं भणभणते” एवढंच म्हणतात. मुलींना हे आधीच सांगून ठेवा, ताई.

प्रश्नकर्ती
पटलं. मग ‘घोर लागला’, ‘धसका घेतला’, ‘हाय खाल्ली’ हे शब्द प्रश्नावलीत घालावेत का?

उत्तर
नको. तिन्हींत कारण दडलेलं आहे. घोर पुढच्या गोष्टीचा असतो: पोरीचं लग्न, सोसायटीचं कर्ज. धसका अचानक बसलेल्या भीतीचा. हाय खातो तो घडून गेलेल्या आघातानं, आणि त्यातून माणूस उठेल की नाही ही शंकाही त्याच शब्दात येते. हा फरक इतका नेमका आहे, की मोकळ्या मुलाखतीत हे शब्द सोन्यासारखे. प्रमाणित प्रश्नावलीत मात्र कारण काहीही असो, लक्षण तेवढं मोजायचं असतं.

आणि प्रत्येक मुलानं शेतात उभं राहून आपापला शब्द घातला तर गुणांची तुलनाच करता येणार नाही. वऱ्हाडी शब्दयोजना विभागानं एकदाच ठरवावी, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडून ती उलट इंग्रजीत करून घ्यावी, मग चार-दोन घरी वाचून “तुम्हाले यातून काय समजलं?” असं विचारावं. उत्तरं मात्र समासात जशीच्या तशी उतरवायला सांगा, ‘नाई राह्यला’ला ‘राहिला नाही’ न करता.