मुंबईच्या प्रवासात भेटलेली अनोळखी माणसं (अनुभव धागा)

मुंबईत येता-जाता एखाद्या अनोळखी माणसाने आधार दिला आणि ते माणूस पुन्हा कधी दिसलंच नाही, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांचं झालं असणार. इथे लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील. सुरुवात मी करते.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे नंतर पेपरात वाचलं. त्या दुपारी एवढंच कळत होतं की लोकल बंद आहेत आणि कलिन्याहून घाटकोपरला चालत जायचंय. कुर्ल्यात एलबीएस मार्गावर पाणी कमरेला लागलं. पुढे एक काका बांबूने तळ चाचपत चालले होते, मॅनहोल उघडं असलं तर कळावं म्हणून. मागे आम्ही पंधरा-वीस जण, एकमेकांचे हात धरून. मी थंडीने कुडकुडत होते. एका चाळीच्या जिन्यावरून बाई ओरडल्या, "ए मुली, वर ये. पुढे नको जाऊस."

त्यांच्या एवढ्याशा खोलीत आधीच सात जण होते. त्यांनी मला स्वतःचं कोरडं पातळ दिलं, चहा दिला, रात्री स्टोव्हवर पिठलं-भात केला. वाढायला तळमजल्यावरचे शेजारी होते. त्यांचं सगळं सामान पाण्यात गेलं होतं आणि ते आम्हाला आग्रह करत होते. हे आठवलं की आजही गलबलून येतं. सकाळी माझे कपडे ओलेच होते. "पातळ नेसूनच जा, आण सवडीने," म्हणाल्या. महिन्याभराने धुऊन, इस्त्री करून घेऊन गेले, तर दाराला कुलूप. त्या गावी गेल्यात म्हणे. नंतरही दोनदा जाऊन आले. पातळ अजून माझ्याकडे आहे, निळं, बारीक चौकड्यांचं.

*

परळला टाटामध्ये माझी केमो चालू होती. परतताना कल्याण स्लो पकडायचे. लेडीज डब्यात "कुठे उतरणार?" विचारून सीट सांगून ठेवतात, हे माहीतच आहे. त्या दिवशी उभं राहवत नव्हतं, पण सीट मागायचा धीर होईना. माझ्या डोक्याचा स्कार्फ बघून दारातल्या एकीने आत हाक दिली, "घाटकोपरची सीट कोणी घेतलीय?" जिने घेतली होती ती मस्जिदपासून उभी होती. काही न बोलता तिने मला पुढे केलं. स्वतः डोंबिवलीपर्यंत उभीच राहिली. मी तिची पर्स मांडीवर घेतली, तेवढंच.

*

नववीत होते. बेस्टच्या बसमध्ये चढल्यावर कळलं, पाकीट नाही. कंडक्टरकाकांनी स्वतःच्या खिशातले पैसे बॅगेत टाकून तिकीट दिलं. "नीट धर, चेकर येईल."

*

वडिलांना रात्री दोनला केईएमला न्यायचं होतं. कुर्ल्याहून रिक्षा मिळाली, पण रिक्षा शीवच्या पुढे जात नाहीत. रिक्षावाल्या भाऊंनी शीवला टॅक्सी थांबवली, वडिलांना उचलून आत बसवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "उतरवताना एकट्याला जमणार नाही तुम्हाला." रिक्षा तिथेच कडेला लावून टॅक्सीत बसले. कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर ठेवेपर्यंत पाय त्यांनी धरले होते. मी केसपेपर काढून वळलो तर ते निघून गेले होते. रिक्षाचं भाडंही द्यायचं राहिलं. शीवच्या त्या कोपऱ्यावरून जाताना अजून नजर त्यांना शोधते.

*

धागाकर्त्या ताई, तुमचं पातळाचं वाचून लिहितोय. आम्ही तेव्हा सांताक्रूझला हायवेलगत राहायचो, मी सहावीत. त्या रात्री आमच्याकडे नऊ अनोळखी माणसं झोपली होती. आईने गाद्या त्यांना दिल्या आणि आम्हा भावंडांना स्वयंपाकघरात सतरंजीवर निजवलं. मला तेव्हा राग आला होता. सकाळी सगळे गेले. एका आजोबांची छत्री राहिली, काळी, लाकडी मुठीची. त्यानंतर आम्ही दोन घरं बदलली. आई प्रत्येक वेळी छत्री बरोबर घेते. त्या आजोबांच्या घरचं कोणी हे वाचत असेल, तर कळवा.