लग्नपत्रिकेतले 'श्रीमंत सरदार देशमुख': देशमुखी म्हणजे सरदारकी का?

मोडीवाचक: पत्रिकांवर हल्ली हे सर्रास छापतात. माझा आक्षेप आहे. देशमुखी हे वतन. परगण्याचा (काही गावांच्या मुलखाचा) सारा वसूल करायचा, शेतीची लावणी वाढवायची, बंदोबस्त ठेवायचा. बदल्यात हक्क-लवाजमा, म्हणजे वसुलातला ठरीव वाटा, आणि इनाम जमीन. हिशेबाचं दप्तर देशपांड्याकडे. सरदाराला मिळे तो सरंजाम, म्हणजे फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेलं मुलखाचं उत्पन्न. चाकरी सुटली की सरकारजमा. वतन मात्र वंशपरंपरेनं चाले, भावाभावांत वाटलं जाई, विकलंही जाई. विकत मिळते ती कसली सरदारकी?

गढीकर: कारकुनी होती म्हणा की सरळ! 1659 साली अफजलखान आला तेव्हा मावळातले देशमुख कुणाकडे जातात यावर दोन्ही बाजूंचा डोळा होता. कान्होजी जेधे महाराजांकडे राहिले, खंडोजी खोपडे खानाला मिळाले. गढी आणि माणूसबळ असल्याशिवाय कोण विचारतो? आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात, वतनदारांना राज्याचे 'दायाद' (वाटेकरी भाऊबंद) म्हटलंय.

मोडीवाचक: ते कौतुकानं नव्हे हो! हे भाऊबंद वाटणी मागतील, यांना जपूनच ठेवा, असा इशारा आहे तो.

जमाखर्च: दोघेही सरदेशमुखी विसरलात. मोगल बादशहाच्या 1719 च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या वसुलातली चौथाई 25 टक्के आणि सरदेशमुखी 10 टक्के मिळाली. चौथाईला वाटे फुटले: त्यातले 25 टक्के बाबती राजाची, 6 टक्के साहोत्रा पंत सचिवांचा, 3 टक्के नाडगौडा, उरलेला मोकासा सरदारांचा. सरदेशमुखी मात्र छत्रपतींचं स्वतःचं वतन.

गढीकर: म्हणजे खुद्द छत्रपतींना जे वतन हवंसं वाटलं, ते हलकं कसं?

जमाखर्च: हलकं कोण म्हणतंय? पण त्यानं उत्पन्नाचा हक्क सिद्ध होतो, दरबारातला दर्जा नाही.

महजर: पत्रिकेत काहीही छापा, आधी कागद दाखवा. वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार-गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे जाई, निवाड्याचा महजर (निवाडापत्र) होई. सरकार जिंकणाऱ्याकडून हरकी (आनंदाची भेट) घेई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड). निम्मी भांडणं वडीलपणाची: आधी शिक्का कुणाचा, विडा कुणाला, होळीची पोळी कुणाची. बनावट महजर बहुधा तारखेत सापडतो. जुन्या कागदांवरच्या सुहूर सनात मृगापासून (जूनच्या सुमारास) डिसेंबरपर्यंत 599, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवले की इसवी सन येतो. तो कागदातल्या शकाशी जुळला नाही, तर आधी नक्कल तपासा, मग मिशीला पीळ द्या.

गढीकर: नक्कल करणाऱ्याचा हात चुकला म्हणून मूळ वतन खोटं ठरत नाही.

मोडीवाचक: वतन खरंच असेल. 'सरदार' लावायचं तर सरंजामाची सनद काढा, महजर पुरणार नाही.